न प्यायलेल्या दारूची शपथ

ज्वारी काढायला आली. शनिवारी भूमहून एसटीनं निघाले, ते तुळजापूर ओलांडून अणदूरच्या वाटेला लागेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेच दिसत होतं. खाली मान घातलेली कणसं, वाळून कडक झालेलं पान, आणि रानात वाकलेल्या बायकांच्या डोक्यावरचे रुमाल. शेजारची बाई खिडकीतून बघत म्हणाली, यंदा दाणा लई भरलाय. मी नुसतं हं म्हणाले. या दिवसांत लोकांना हुरडा आठवतो, शेंगदाण्याची चटणी आठवते, आगटीभोवती रंगलेल्या गप्पा आठवतात. माझ्या मात्र सुगी आली की डोक्यात तिडीक जाते. आज छत्तीस वर्षं झाली तरी जाते. सुगीचा त्यात काही दोष नाही, ती बिचारी दरसाल वेळेवर येते.

आधीच एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी तुम्हाला उगाच शहाणी वाटायला नको. आमच्या घरात हंटिंग्टन नावाचा आजार आहे. मेंदूचा आहे आणि रक्तातून येतो. आईला किंवा बापाला असला, तर प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी. माणूस चाळिशीच्या आसपास येईपर्यंत काही कळत नाही. मग हातपाय आपल्या मनानं हलायला लागतात, जीभ जड होते, चाल बिघडते, डोकं भडकतं, हळूहळू विचारही सुटत जातो. बरं करणारं औषध अजून नाही. माझ्या वडिलांना होता. माझ्या धाकट्या भावाला, बालाजीला, झालाय. मला आहे की नाही, ठाऊक नाही. रक्त तपासून कळतं, मी तपासलेलं नाही. माझ्या एकुलत्या लेकीचं, मुक्ताचं, लग्न वैशाखात ठरलंय. ती पुण्यात नोकरी करते. तिला मी यातलं अक्षर सांगितलेलं नाही. आमचे हे म्हणतात, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. आणि मी, जी महिन्यातून एकदा लोकांना गोळा करून या आजारावर तासभर बोलते, तीही मान डोलावते.

तर ती सुगी. मी बारावीला होते. परीक्षा तोंडावर आली होती, पण सुगीत घरातलं कुणी रिकामं बसत नाही. पहाटेच्या गारव्यात रानात जायचं, कारण ऊन चढलं की पानाची धार हाताला चिरते. एकेकानं पात, म्हणजे आपली ओळ, धरायची आणि ज्वारी मुळासकट उपटत पुढं सरकायचं. उपटताना मातीतून एक कोरडा, खारट वास उठतो. तो वास अजूनही माझ्या नाकात बसलाय. अण्णा, म्हणजे आमचे वडील, उपटण्यात गावात एक नंबर. त्यांची पात सगळ्यांच्या पुढं असायची, आणि त्यांनी बांधलेली कडब्याची पेंढी वर्षभर सुटायची नाही. त्या साली त्यांची पात मागं राहिली. उपटलेलं धाट हातातून भलतीकडंच उडायचं. मधूनच पाय असा टाकायचे की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तिसऱ्या दिवशी मागून कुणीतरी बोललं, सकाळसकाळीच टाकून आलाय वाटतं. आईनं ते ऐकलं. तिची पात तिथंच थांबली.

अण्णा दारू पीत नव्हते. हे मी शंभर वेळा लिहीन, तुम्ही शंभर वेळा वाचा. त्यांना बडीशेपेशिवाय कशाचं व्यसन नव्हतं.

त्या दिवसापासून आई रोज दिवेलागणीला त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. अण्णा चुलीपाशी पाटावर बसायचे आणि लहान पोरानं जीभ दाखवावी तसा आ करायचे. त्यातही त्यांची मान स्थिर राहायची नाही. आई नाक पुढं न्यायची, वास घ्यायची, आणि रोज तिला काहीच सापडायचं नाही. आता कुणालाही वाटेल, चार दिवसांत बाई समजेल. छे! तिनं असं ठरवलं की वास येत नाही, म्हणजे हा वास न येणारी पितो. पुढं हे तिनं मावशीला सांगितलं, मावशीनं भावकीत सांगितलं, आणि आठवडाभरात आमच्या गल्लीत अशी दारू प्रसिद्ध झाली की जी कुठं मिळते ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण माझा बाप ती पितो हे सगळ्यांना ठाऊक होतं. कपाळाला हात लावावा की हसावं? मी तेव्हा जीवशास्त्राच्या पुस्तकात आनुवंशिकता पाठ करत होते. वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या रोपांचे चौकोन मला डोळे मिटून काढता यायचे. समोर बसलेला बाप मला वाचता आला नाही.

मग भावकीनं ठरवलं, बेलभंडार उचलायला लावू. आमच्या खंडोबाच्या मुलखात ही शपथेची शेवटची पायरी. तळहातावर बेलाचं पान ठेवायचं, त्यावर भंडारा, म्हणजे देवाची हळद, आणि देवासमोर शब्द द्यायचा. तो शब्द मोडायची छाती सहसा कुणाची होत नाही. सुगीतला एक रविवार धरून आमच्या गावच्या देवळात सगळे जमले. अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मला वाटलं, आता तरी म्हणतील, मी पीत नाही, तर सोडू काय? पण ते गुमान पुढं झाले. हातावर पान आलं, भंडारा आला. म्हणाले, आजपासून थेंबाला शिवणार नाही. आणि शब्द पुरा व्हायच्या आत हाताला हिसका बसला. भंडारा सगळा उडाला, त्यांच्या सदऱ्यावर, पुढच्या माणसाच्या पायावर, फरशीवर. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "देवानं घेतला न्हाय. ह्याच्या मनात खोट हाय."

झालं. आजार हात हलवत होता आणि देव नाकारतोय असा अर्थ निघाला. त्यानंतर अण्णा बारा वर्षं जगले. बारा वर्षं ते गावात दारुडे म्हणूनच वावरले. शेवटी घास घशात अडकून गेले, तेव्हाही बायका दारात बोलत होत्या की पिऊन पिऊन आतडी गेली. आई चार वर्षांपूर्वी गेली, तीही तोच समज घेऊन. आजाराचं नाव आम्हाला कळलं ते दोन वर्षांपूर्वी, बालाजीचे हात हलायला लागल्यावर. सोलापूरला डॉक्टरांनी त्याच्यापुढं आपली दोन बोटं केली आणि म्हणाले, घट्ट धरून ठेवा. बालाजी धरायचा, सैल व्हायचा, पुन्हा धरायचा. म्हशीची धार काढावी तसं. डॉक्टर म्हणाले, घरात आधी कुणाला? मी म्हणाले, वडील, पण लोक म्हणायचे ते पितात. डॉक्टरांनी मान हलवली. बहुतेक घरांतून त्यांना हेच ऐकायला मिळतं, असं म्हणाले.

मला तेव्हा इतका संताप आला की तिथल्या खुर्चीवरून उठवेना. कुणावर काढायचा तो? आई गेली, म्हातारा गेला, देवळातले निम्मे लोक गेले. त्या संतापातच हाच आजार असलेल्या आम्ही चार घरांनी मिळून धाराशिवला बैठक सुरू केली. महिन्याचा एक रविवार. जागा कुठली, तर एका मंगल कार्यालयाचं जेवणघर. मालक ओळखीचे, तिथी नसेल त्या रविवारी देतात. ती जागा आम्ही मुद्दाम घेतली. दवाखान्यात बोलावलं तर कुणी येत नाही, शाळेत बोलावलं तर गावात विचारतात कशाला चाललाय. लग्नाला चाललो म्हटलं की कुणी काही विचारत नाही. त्यामुळं आमच्या बैठकीला लोक जरीच्या साड्या नेसून, केसांत गजरे माळून, पुरुष कडक इस्त्रीत, असे येतात. कुणाचा हात उडतोय, कुणाची मान. आणि सगळे नटलेले. हजेरीच्या वहीत निम्मी नावं खोटी, गावं तर सगळीच खोटी. एकदा एकाच बैठकीत तीन बाया एकाच न ऐकलेल्या गावच्या निघाल्या.

मी तळमळून सांगते. बांधू नका, हातपाय बांधले की माणूस जास्त बिथरतो. पलंग नको, जमिनीवर गादी घाला. पातळ पाणी श्वासनळीत जातं आणि ठसका लागतो, तेव्हा दाट ताक, खीर, मऊ खिचडी द्या, बसवून भरवा, घाई करू नका. हालचाल सतत चालू असते म्हणून अंग झिजतं, तेव्हा तूप-दुधाला हात आखडू नका. हलणं कमी करणारी औषधं असतात, डॉक्टरांना विचारा. हा भानामतीचा प्रकार नाही, शिवल्यानं होत नाही, आणि बाईमुळं घरात आला असं म्हणून सुनेला माहेरी धाडू नका. लोक माना डोलावतात, पोहे खातात आणि पुढच्या महिन्यात येत नाहीत. आरोग्य खात्याच्या आशाताईंना बोलावलं तर त्या म्हणतात, बाई, आमच्या कागदावर ह्या आजाराला रकानाच न्हाय. अपंगाच्या दाखल्याला एकाला घेऊन गेले, तर तिथल्या माणसानं हातपाय मोजून बघितले आणि सांगितलं, सगळे आहेत की. मी प्राथमिक शिक्षिका, पोरांना पाढे शिकवण्यात जन्म गेला. पण असल्या लोकांपुढं माझा धीर सुटतो. घरी आले की भांडी आपटते.

आणि यंदा सुगीतच बालाजीच्या बायकोचा, सुनंदाचा फोन आला. आक्का, ह्यांनी दारूचं लई मांडलंय, आता बेलभंडार उचलायला लावणार हाय, रविवारी. तुमी थोरल्या हायत, तुमी तरी सांगा ह्यांना सोडा म्हणून.

तिला आजाराचं माहीत नव्हतं. सोलापूरला बालाजी माझ्याबरोबर आला होता, आणि बाहेर पडल्यावर त्यानं माझ्याकडून वचन घेतलं होतं की घरात बोलायचं नाही. मी दिलं. तेव्हा वाटलं, आठ दिवसांत स्वतःच सांगेल. दोन वर्षं गेली. शनिवारी गावाकडं निघाले ती ठरवूनच, की आज याचा कान धरून त्याला बायकोसमोर उभा करायचा. बापाचं जे झालं ते याचं होऊ द्यायचं नाही.

रानात गेले तर उपटणी चालली होती. बालाजीला आता उपटायला जमत नाही. तो बांधावरच्या लिंबाखाली पेंढ्यांची राखण करत बसला होता. चप्पल पायातून उडून दूर पडली होती, ती उचलून मी त्याच्या पायात घातली. मग जे तोंडात आलं ते बोलले. म्हणाले, तुला लाज नाही वाटत, न केलेला गुन्हा कबूल करतोस? अण्णांची केवढी विटंबना झाली, ती विसरलास? सुनंदाला खरं सांग, नाहीतर मी सांगते. तो ऐकत राहिला. त्याचे शब्द आता ओढत ओढत येतात, वाट बघावी लागते.

"आक्का, अण्णांनी मला शेवटाला सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "तुला सांगू नको म्हणले व्हते. त्यांची थोरली बहीण अशीच हालायची. सासरच्यांनी आणून टाकली. पाठच्या दोघी बहिणींना मग स्थळंच येईनात. अण्णांना ठाव व्हतं, आपल्याला तेच लागलंय. ते म्हणले, दारुड्याच्या पोरीला स्थळ येतं. हालणाऱ्याच्या पोरीला येत न्हाय."

माझं लग्न त्या सुगीनंतर दोन वर्षांनी झालं होतं. बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं होतं, वडील पितात म्हणे? मामा म्हणाले होते, हो, तेवढं एक सोडलं तर घराणं चांगलं. पाहुणे हसले होते आणि सुपारी फुटली होती.

इतकी वर्षं मी ज्याला अडाणीपणा समजून चडफडत होते, तो अडाणीपणा नव्हता. निदान त्या एका माणसाचा नव्हता. आ करून पाटावर बसणारा तो माणूस सगळं समजून बसत होता. मला रडू आलं नाही, राग आला, त्यांचाच आला. मला एकदा विचारायचं तरी! असल्या किमतीचं लग्न मला हवं होतं का? मग लगेच वाटलं, मी काय उत्तर दिलं असतं? अठरा वर्षांची होते. दिलं असतं काहीतरी ताठ उत्तर, आणि नंतर आयुष्यभर माहेरी बसून त्यांनाच बोलले असते.

"माझ्याबी पोराचं लग्न काढायचंय," बालाजी म्हणाला. "म्हणून उचलणार हाय. मला कुणी जबरदस्ती केली न्हाय."

म्हणाले, पोराला कळायला नको? उद्या त्याला लेकरं होतील, त्यांना कळायला नको? सुनंदा रोज तुझ्या नावानं बोटं मोडते, तिच्या जिवाचं काय? मी बैठकीत बोलते तसं बोलायला लागले, मुद्दे मोजत. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू मुक्ताला सांगितलंस?"

म्हणाले, लग्न झालं की सांगणार आहे.

"मग मी काय येगळं करतोय?"

उपटणाऱ्या बायकांनी न्याहारीला हाक मारली. सुनंदानं भाकरी, पिठलं, ओली मिरची असं फडक्यावर मांडलं. माझ्याकडं आशेनं बघत होती, की आक्कांनी समजावलं असेल. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि मूग गिळून बसले. वचन दिलं होतं ना!

रविवारी सकाळी गावात बालाजी देवळाकडं निघाला असेल त्या वेळी मी धाराशिवच्या त्या जेवणघरात सतरंज्या अंथरत होते. शुक्रवारच्या तिथीचा मांडव अजून पुरता उतरला नव्हता. फरशीवर अक्षता पडलेल्या होत्या, आणि कोपऱ्यात जिलेबीच्या पाकाचा चिकट वास. नऊ-दहा माणसं आली. त्यात एक नवी बाई होती, सास्तूरकडची. निदान वहीत तिनं तसं लिहिलं. पस्तिशीची असेल. मोरपंखी साडी, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, आणि तोंड वाळलेलं. नवरा बाहेर जीपमध्ये होता. तो पडतो म्हणून तिनं त्याचे हात उपरण्यानं बांधले होते. आधी तेवढं सोडून या, मी म्हणाले. ती निमूट गेली, सोडून आली आणि दारापाशी बसली, बाहेर लक्ष राहील अशी.

मी नेहमीसारखी सुरू झाले. नेहमी मी अण्णांची हकिकत सांगते, पण अण्णा म्हणून नाही. म्हणते, आमच्या भागात एक गृहस्थ होते, लोकांना वाटायचं ते पितात. त्या दिवशीही तेच सांगितलं. भंडारा उडाला इथवर आले आणि आवाज चिरकला. खाकरले, पाणी प्याले. ती नवी बाई माझ्याकडं टक लावून बघत होती.

"बाई, ते गृहस्थ तुमचे कोण?" तिनं विचारलं.

दीड वर्षात हे कुणी विचारलं नव्हतं. खोट्या गावांची नावं लिहिणारी ही माणसं, आणि मीही त्यांच्यातलीच. म्हणाले, वडील. सतरंजीवर बसलेल्यांच्या माना वर झाल्या. म्हणाले, माझ्या भावालाही आहे. मलाही असेल, तपासलेलं नाही.

तिनं लगेच पुढचं विचारलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नडलेल्या माणसाची घाई होती. "मला दोन पोरी हायत. थोरली पंधराची. तिला कसं सांगू, कोणच्या शब्दात सांगू, त्येवढं विचारायलाच आले मी. ह्यांना कसं भरवायचं ते मला येतंय. तुमी तुमच्या लेकरांना कसं सांगितलं?"

खिचडी, गादी, ताक, औषधं, सगळं मला पाठ होतं. हे एक मला येत नव्हतं. शाळेत पोरगं उत्तर न येता उभं राहतं तेव्हा मी त्याला किती ओरडते, ते नेमकं तेव्हा आठवलं. म्हणाले, नाही सांगितलेलं. मला लेक आहे, तिला काहीच माहीत नाही. त्या बाईचा चेहरा पडला. ती चिडली असती तर परवडलं असतं.

बसा, आलेच, म्हणून मी अंगणात आले. मांडववाले बांबू उतरवत होते. बाजूला जीपमध्ये तिचा नवरा मोकळे हात हवेत हलवत बसला होता. मी मुक्ताला फोन लावला. मागं मैत्रिणींचा कलकलाट. साड्या बघायला निघाल्या होत्या.

"आई, आवाज असा का तुझा? काय झालं?"

काही नाही, हे माझ्या जिभेवर कायम तयारच असतं. या वेळी ते गिळलं. म्हणाले, झालंय. उद्या सकाळच्या गाडीनं येते. लग्नाआधी तुला एक सांगायचंय, आणि समोर बसून सांगायचंय. कलकलाट दूर गेला; ती बाजूला झाली असावी.

"तुला काही झालंय का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "तेच सांगायचंय."

फोन ठेवला तेव्हा गुडघे लटपटत होते. ते कशानं, हेही आता मला खात्रीनं सांगता येत नाही. आत गेले. ती बाई अजून दारापाशीच होती, उठायच्या बेतात. तिच्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, पुढच्या बैठकीला या. कसं सांगायचं, ते तोवर मला कळलेलं असेल.